कुलूप ओढून पाहणारा माणूस

रविवारी घराच्या दारावर मी स्वतः जुळवलेला कॅमेरा बसवला. सुट्या भागांना चार हजार तीनशे रुपये लागले. स्टूल धरायला माझी बायको सुनंदा होती. चित्रण बाहेर कुठे जात नाही. ते घरातल्याच एका डबीत साठतं आणि पासवर्डशिवाय उघडत नाही.

बुधवारी संध्याकाळी ते पहिल्यांदा पाहिलं. सकाळी नऊ बाराला मी कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि जिना उतरलो. एवढं मला आठवत होतं. नऊ चौदाला मी परत आलो. नऊ सोळाला पुन्हा. एकूण पाच वेळा. शेवटच्या वेळी त्या माणसाने मान वर करून कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, की हा इथे कुणी लावला?

"अगं, मी परत वर आलो होतो?"

"अहो, रोजच जाता. मी खाली रिक्षात बसलेली असते. आता तर रिक्षावालाही हसतो."

आपण घरी नसताना दाराशी कोण येतं, एवढंच मला पाहायचं होतं. येणारा माझाच शर्ट घालून येईल असं वाटलं नव्हतं.

मग भीती वाटली ती पासवर्डची. बावीस अक्षरं, आणि तीही फक्त माझ्या डोक्यात. सुनंदाची वही मागून घेतली, सावकाश लिहिली, मोजली.

तिने मागचं पान उलटलं. तिथे तीच बावीस अक्षरं माझ्याच हस्ताक्षरात होती. खाली तिने लिहिलं होतं, "सोमवार". आणि त्याखाली पुन्हा तीच अक्षरं, "मंगळवार".