अकरा घरांची यादी

वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. चुलीवर पातेलं तसंच, दोरीवर ओली लुगडी, शेळ्या खुंट्याला बांधलेल्या. सकाळचे नऊ वाजले होते आणि मी करारनाम्याच्या प्रती, स्टॅम्पपॅड आणि पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होते.

मी पवनचक्क्यांच्या एका कंपनीत व्हेंडर डेव्हलपमेंट बघते. व्हेंडर म्हणजे कंपनीला माल किंवा सेवा पुरवणारा. कळंब तालुक्यातल्या आमच्या माळावर मोठे पक्षी पात्यांना धडकून मरत होते. उपाय एकच, पक्षी लांबून येताना दिसला की कंट्रोल रूमला फोन करायचा, मग ते चक्की थांबवतात. त्यासाठी पुण्याहून दुर्बिणीवाले आणले होते. त्यांना पक्षी दिसेपर्यंत तो पात्यापाशी पोचलेला असायचा. जवळच्या पारधी वस्तीतला भारत मात्र नुसत्या डोळ्यांनी सांगायचा, "गरुड न्हाय मॅडम, घार हाय. शेपटीची खाच बघा की."

म्हणून हे काम वस्तीलाच द्यायचं ठरलं. तेही ठेकेदाराखाली मजूर म्हणून नाही. अकरा घरांची संस्था नोंदवली. करार थेट संस्थेशी, आणि चक्की थांबवा म्हणायचा अधिकार त्यांचा. कंपनीला हे पटवायला मी वर्षभर डोकेफोड केली होती.

एका झोपडीतून खोकला ऐकू आला. भारतची आई, झुंबरबाई. पाय सुजलेले, म्हणून मागं राहिलेली.

"मावशी, कुठं गेले सगळे?"

"रानात."

"अहो, आज सह्या आहेत ना?"

"काल सांजच्याला हवालदार आला हुता. हातात कागद. समद्यांची नावं, फोटू. त्यो कागद तुमीच दिला नव्हं?"

मीच दिला होता. पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे माणसावर काही गुन्हा नाही ना याची ठाण्यातून खात्री. फोटोही मीच काढले होते, "हसा जरा" म्हणत.

"कुठंबी चोरी झाली की पयले आमालाच उचलत्यात," ती म्हणाली. "आतापतोर नावं धुंडावी लागत हुती त्येंला. आता तुमी लिवूनच दिली."

तिथूनच पुण्याला साहेबांना फोन लावला.

"सर, पोलीस व्हेरिफिकेशनची अट काढा. हात जोडते."

"कुठली अट? ते सिक्युरिटी गार्डला लागतं. व्हेंडरला आपण कधी मागितलंय?"

"सर, चेकलिस्टमध्ये आहे."

"चेकलिस्ट तुम्हीच करता, मॅडम."

मी बांधावर बसलेच. आमचा कँटीनवाला, ट्रॅक्टरवाला, मुरूमवाला, सगळे एकेक करून आठवले. मुरूमवाल्यावर मारामारीची केस आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. त्याचंसुद्धा नाव मी कधी ठाण्यात धाडलं नव्हतं. वर्षभर ज्यांच्यासाठी भांडले, नेमका त्यांच्याच फायलीला तो फॉर्म मी जोडला होता. कुणी सांगितलं नव्हतं. फक्त यांच्याकडूनच का, हे माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला. स्वतःला मी भली बाई समजत होते.

तशीच ठाण्यात गेले. तिथले फौजदार सभ्यपणे बोलले. "अर्ज मागं घ्या हवा तर. पण यादी रेकॉर्डला गेली. ती आता परत कशी देणार?"

चार दिवसांनी माणसं हळूहळू परतली. झुंबरबाईनं दोन गोष्टी मागितल्या. सभासदांची नावं संस्थेकडंच राहतील, कंपनी ती कुणालाही देणार नाही, हे करारात हवं. आणि यादी कुणी न मागता मी दिली, कुणाबद्दल तक्रार नव्हती, असं माझ्या सहीचं पत्र ठाण्यात हवं. लीगलवाले कुरकुरले. पत्र मी त्याच दिवशी दिलं.

करार झाला. सह्या नऊ घरांच्या. भारत आणि त्याचा चुलतभाऊ बायकापोरांसकट गेले ते आलेच नाहीत. भारतचा फोन बंद.

झुंबरबाईनं अध्यक्ष म्हणून संस्थेच्या वतीनं अंगठा उठवला, पदराला पुसला आणि मला विचारलं, "भारत आलाच माघारी, तर त्येचं नाव कुटं लिवणार न्हाई ना तुमी?"

मला मान वर करवेना. "नाही लिहिणार," एवढंच म्हणाले.

आता नव्या भागीदाराकडून कुठलाही कागद मागण्याआधी मी जुन्यांच्या फायली काढून बघते. त्यांच्याकडं तो मागितलेला नसेल, तर नव्या फायलीतला तो फॉर्म फाडून टाकते.