आप्पांची मूठभर ज्वारी

मंगळवेढ्याच्या आमच्या रानात आप्पा, म्हणजे माझे वडील, एक जुनी ज्वारी पेरायचे. दाणा बारका, पण भाकरी अशी गोड की नुसत्या मीठ-तेलाबरोबर दोन सहज जायच्या! गावात ती दुसऱ्या कुणाकडे उरली नव्हती. एका साली रान करपलं आणि आमच्याकडेही मूठभरच राहिली. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी नेमकी तीच मागितली.

मी सोलापूरला निघाले तेव्हा आप्पांनी पुडी हातात ठेवली. "लागंल तेवढी घे. उरल्याली माघारी आन, पेराय पायजे की."

मी जात्याच उतावळी. ओल्या कागदावर थोडे दाणे रुजवले, कोवळे कोंब खलात वाटले, औषधाच्या पाण्यात गरम करून गाळले. शेवटी गार अल्कोहोल नळीच्या कडेनं हळूच सोडायचं असतं, मग डीएनए पांढऱ्या दोऱ्यासारखा वर येतो. पण हळू कसली! मी नळी गदागदा हलवली आणि दोऱ्याचे तुकडे तुकडे झाले. दुसऱ्या खेपेलाही तेच.

"अगं, ताक घुसळतेस का?" प्रोजेक्टच्या मॅडम कडाडल्या.

मग मी इरेला पेटले आणि उरलेले सगळे दाणे भिजत घातले. तिसऱ्यांदा श्वास रोखून अल्कोहोल सोडलं. आधी पांढरं धुकं दिसलं, मग लांबच लांब दोरा. लॅबमध्ये चक्क उडी मारली मी! तसा आनंद पुन्हा कधी झाला नाही.

पेरणीच्या तोंडावर आप्पा एसटीनं बियाणं न्यायला आले. मी त्यांना कौतुकानं नळी दाखवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली.

"ह्यात आपली ज्वारी हाय व्हय?"

"हो आप्पा, सगळी."

"मंग हे पेरलं तर उगवंल का?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "नाही," मी म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ऱ्हाऊ दे. तुजं काम झालं न्हवं?" त्यांनी रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

आता मी सोलापूरच्याच कॉलेजात शिकवते. पोरींच्या नळीत दोरा वर आला की त्या ओरडतात आणि मला ते दिवस आठवून भरून येतं. पण दहा दाणे बाजूला काढल्याशिवाय मी कुणाला बी भिजवू देत नाही. मॅडमचं खूळ, म्हणून हसतात मेल्या.

आप्पा गेले. नळी अजून फ्रीजरमध्ये आहे. माझ्या लेकीनं ती भाकरी कधीच खाल्ली नाही.