दुमडलेली पहिली ओळ

आबांनी माझ्यापुढे तीन कागद ठेवले आणि म्हणाले, "आज तू वाच, माय." तो गुरुवार होता. कागदांवर रक्ताच्या तपासणीचे आकडे होते. नावाची ओळ मागे दुमडलेली होती.

त्याआधी सहा वर्षं जळगावातल्या आमच्या गल्लीचे असले कागद आबाच वाचत आले होते. ते डॉक्टर नव्हते. धुळ्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासण्यात त्यांचं नोकरीचं आयुष्य गेलं. पत्नी वारल्यावर ते आमच्या शेजारच्या घरात राहायला आले. मुलगी सुरतेला असते. मूळचे पारोळ्याकडचे, त्यामुळे वाचत मराठीत आणि बोलत अहिराणीत.

तुम्हीही पाहिलं असेल, रिपोर्ट हातात आला की माणूस आधी चांदण्या मोजतो. म्हणजे ज्या आकड्यांपुढे छापलेली खूण असते ते आकडे. समोरचे मास्तर एकदा धावतच आले. "आबा, चार चांदण्या आहेत हो!"

"चार? मंग हाटेल काढ," आबा म्हणाले. "आधी बस. जेवन व्हयनं का?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. उपाशी माणसाचा कागद ते वाचतच नसत. मग नावाची ओळ मागे दुमडायची, कारण "नाव दिसनं का हात हालस." मग खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी एका आकड्याखाली ठेवायची. पट्टी नसली की डोळे पुढच्या ओळीकडे पळतात, असं त्यांचं म्हणणं. आणि शेवटी हात पुढे करायचा: "जुना कागद दखाड."

जुना कागद कशाला, असं मी एकदा विचारलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कारण विचारायची सवय आहे.

"एकटा आकडा खोटं नही बोलस," ते म्हणाले, "पन बठ्ठं बी नही सांगस." बठ्ठं म्हणजे सगळं.

माझ्या आईचा रिपोर्ट आला तेव्हा मला हे सारं नवं होतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, आणखी दोन खुणा. मी दुपारभर मोबाइलवर वाचत बसले. कुठल्याही आकड्यापासून निघावं, तर तिसऱ्या वळणावर तो एकच आजार उभा. आईला काही न सांगता मी कागद घेऊन शेजारी गेले. आई माझ्या मागोमाग आलीच.

आबांनी तिच्यापुढे कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला.

"मी मरतेय का ते सांगा आधी, भाकरी मग खाते," आई म्हणाली.

"खाल्याबिगर मी कोनले मरू बी नही देत, अक्का."

आई खाऊ लागली. आबांनी कागदाला हातही लावला नव्हता. ते तिच्या चावण्याकडे पाहत होते.

"अक्का, डावी दाढ कदीपासून दुखस?"

आईनं घास थांबवला. दाढ महिनाभर दुखत होती. काढायला लागेल म्हणून ती बोलली नव्हती. दाताच्या डॉक्टरांनी आत साठलेला पू काढला आणि पुढच्या महिन्यात नव्या कागदावर एकही चांदणी नव्हती. जेवणाचा तो प्रश्न नुसता पाहुणचार नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी त्यांच्या ओट्यावर बसू लागले. हळूहळू आकडे ओळखीचे झाले. काही उलगडलं नाही तर ते सरळ सांगत, "मी फक्त कागद वाचस. आठ दिन वाट नको देखू, डॉक्टरले दखाड." कुणी टाळाटाळ केली तर त्याच्या दारात जाऊन उभे राहत. बांगडीवाल्या चाचांना त्यांनी असंच रिक्षात बसवून नेलं होतं. चाचा रस्ताभर शिव्या देत होते आणि आबा रस्ताभर हसत होते.

तर तो गुरुवार. आई मावशीकडे नशिराबादला गेली होती आणि आबाच आमच्या घरी आले होते.

"जामनेरकडना एक मानूस शे," आबा म्हणाले. "मना चष्मा घर ऱ्हायना."

चष्म्याचं घर त्यांच्या खिशातून वर आलेलं मला दिसत होतं. मला वाटलं, आज माझी परीक्षा आहे. मला आनंद झाला. मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला, त्यांचीच पट्टी मागून घेतली आणि तिन्ही कागद तारखांप्रमाणे लावले. हिमोग्लोबिन तेरा. मग अकरा. मग साडेआठ.

"आबा, हा माणूस वर्षभर खाली उतरतोय," मी म्हटलं. "रक्त कुठेतरी जातंय. त्यानं इतके दिवस कुणाला दाखवलं नाही?"

"त्याले त्या आजारनी भीती वाटस."

"म्हणून घरात बसायचं? त्याच्या घरी कुणी नाही का?"

"शेजार शे ना."

"मग शेजाऱ्यांना दिसत नाही?"

आबा हसले. "उद्या जायला सांगा," मी म्हटलं. "उद्याच. कॅन्सर असेल असं नाही, पण नाही असंही कागदावरून म्हणता येणार नाही."

"चांगलं वाचं, माय." त्यांनी कागद गोळा केले आणि पट्टी खिशात घातली. पेल्यातलं पाणी तसंच राहिलं.

चार दिवसांनी त्यांची मुलगी सुरतेहून आली. जामनेरचा कुणी माणूस नव्हता, हे तिनंच मला दारात उभं राहून सांगितलं. निदान मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं झालं. लवकर आले असते तर, असं डॉक्टर म्हणाले.

धुळ्याच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले. "आबा, तुम्ही मला फसवलंत."

"नाव दिसतं तं तू खरं सांगती का?"

मी खाटेजवळच्या स्टुलावर बसले.

"वाचनमा चूक नव्हती," ते म्हणाले. डोळे मिचकावले. "फक्त तू जेवन इचारं नही."

ते थट्टेनं म्हणाले होते. पण मी विचारलं असतं, भाकरी पुढे ठेवली असती, तर ती त्यांना जात नाही हे मला दिसलं असतं. कदाचित त्याच्याही आधी, सहा महिन्यांपूर्वी. एवढी वर्षं त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांना तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता. तो त्यांनी विचारायचा असतो, असंच मी धरून चालले होते.

सात महिन्यांनी आबा गेले.

गल्लीतले लोक आता कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी जेवणाचं विचारते. गेल्या महिन्यात माझाच रिपोर्ट आला, एका आकड्यापुढे चांदणी होती. जुना कागद शोधला, दोन्ही शेजारी लावले, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून आले. काळजीचं नव्हतं. परत येताना पाय सवयीनं शेजारच्या ओट्याकडे वळले. त्या दाराला कुलूप आहे.

आबांच्या मुलीनं जाताना पट्टी आणि ते तीन कागद मला दिले. ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत. नावाची ओळ अजून दुमडलेली आहे.