चांगुणा नावाची हाक

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही, लेकींना नाही, प्रार्थनेला येणाऱ्या बायकांना तर नाहीच. चौथीपर्यंत शिकले म्हणून लिहिता तरी येतं. पण लिहितानाही सारखी दाराकडे बघते आहे — का? आता मला बोलणारं घरात कोण उरलंय?

कर्जतकडच्या कोंडाणे लेण्यांच्या अलीकडे आमचं गाव. लग्नात माझं नाव लक्ष्मी ठेवलं. माहेरचं नाव माहेरीच राहिलं. सासूबाईंपुढे मी मान वर करत नसे. पण नवरात्रात माझ्या अंगात यायचं. आवाज घोगरा व्हायचा, आणि एरवी हिडीसफिडीस करणाऱ्या सासूबाई माझ्या पायांवर डोकं ठेवायच्या. ते सोंग नव्हतं. तेव्हा नव्हतं — हे आधी सांगायला हवं.

तिसऱ्या बाळंतपणात मूल पोटातच गेलं. दहिवलीच्या एस्तेरबाई, गावोगाव बाळंतपणं करणाऱ्या ख्रिस्ती विधवा, त्यांनी मला सोडवलं. आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्यात माझं मेलेलं मूल गुंडाळलं. मग मला ताप भरला. त्या उशाशी बसून येशूची प्रार्थना म्हणत होत्या. म्हणता म्हणता गप्प झाल्या, आणि त्या गप्पपणात मला हाक आली — चांगुणा.

ते माझं माहेरचं नाव. बाईंना ते ठाऊक नव्हतं. मग कुणी मारली हाक? देवी म्हणून नाही, सून म्हणून नाही — मला, मलाच कुणीतरी ओळखलं होतं. मी रडत म्हणाले, "बाई, माझं नाव चांगुणा हाय." पुढे त्या मला तशीच हाक मारत, हळू, आसपास कुणी नसताना.

मी बरी झाले. भांडी घासताना मनातल्या मनात त्या हाक मारणाऱ्याशी बोलायचे. तेव्हा कशाचीच भीती वाटत नसे. तशी मी आधी कधीच नव्हते.

नवरात्र आलं. ढोल वाजला, धूप झाला, मला पुढे बसवलं. काहीच आलं नाही. आत नुसतं शांत — आणि मी त्या शांततेलाच भ्याले. सासूबाई कानाशी वाकून म्हणाल्या, "काय गं, त्या बाटगीनं काय भरवलंन तुला?" सगळा गाव बघत होता. घराबाहेर काढलं तर दोन लेकी घेऊन जाऊ कुठे?

मी केस सोडले. माझ्याच हातांनी. मान घुमवली, घोगरा आवाज काढला आणि — कसं लिहू? — म्हणाले, "हिचं पोर त्या बाईनं खाल्लं. तिला गावात घेऊ नका."

दिवाळीनंतर एस्तेरबाई आल्या. एकही दार उघडलं नाही. कुणी ढेकळं मारली. धापा टाकत त्या आमच्या ओट्याशी उभ्या राहिल्या. कपाळावर रक्त होतं. म्हणाल्या, "चांगुणा, पाणी दे गं."

सासूबाईंनी विचारलं, "कुणाला हाक मारतेय ती?"

"त्या नावाचं हितं कुणी नाय!" मी आतून ओरडले. घोगऱ्या आवाजात नाही, माझ्या स्वतःच्या आवाजात. आणि कडी लावली. पाण्याचा हंडा दाराशीच होता, भरलेला.

त्या पुन्हा आल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी, सासूबाई गेल्यावर, मी कर्जतला जाऊन बाप्तिस्मा घेतला. एस्तेरबाई तोवर वारल्या होत्या. पाळकांनी नाव विचारलं. लक्ष्मी, म्हटलं. दुसरं नाव तोंडातून फुटेना.

देव भेटला की माणूस नवा होतो, असं प्रार्थनेत सांगतात. मी झाले होते ना नवी. भीती वाटते ती त्याचीच. लक्ष्मीनं केलं असतं तर म्हटलं असतं, तिला काय कळत होतं? पण कडी लावली ती चांगुणानं.

अजूनही भरदुपारी ओट्यावर पाऊल वाजलं की माझा हात आधी कडीकडे जातो.