वामनरावांनी टेबलावर ठेवलेले रीळ

वामनराव मुळेगावकर वकिलांची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, याचा मी विचार केला. पण ती चूक वगळली तर त्यांच्याविषयी मला प्रत्यक्ष माहिती असलेले फार थोडे उरते.

डॉक्टरीची परीक्षा देऊन मी नुकतीच सोलापुरात स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. एका सकाळी बायकांच्या रांगेत धोतर, काळा कोट आणि पगडी अशा वेषातले एक गृहस्थ उभे दिसले.

"अवं दादा, हितं बायांचं हाय की!" कोणीतरी म्हणाले.

"ठाऊक आहे, बाई. पण माझं दुखणं कागदाचं आहे, आणि कागद इथल्या बाईंनीच लिहिलाय."

त्यांच्यामागे नरसव्वा होती. गिरणीत रिळांवर सूत गुंडाळण्याच्या खात्यात ती काम करी. चालू यंत्राच्या दातेरी चाकांत तिचा उजवा अंगठा सापडला होता. टाके मीच घातले होते, दाखलाही मीच दिला होता: 'जखम पूर्ण भरली आहे. सर्व बोटे शाबूत आहेत. कामावर जाण्यास हरकत नाही.' त्या दाखल्यावर गिरणीने तिला कामावर घेतले, दोन दिवसांनी काम जमत नाही म्हणून काढले, आणि भरपाई मागितली तेव्हा तोच दाखला पुढे केला.

मी वामनरावांना सांगितले की दाखल्यात असत्य काही नाही. "मुळीच नाही," ते म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून सुताचे रीळ काढून टेबलावर ठेवले आणि धागा तोडला. "नरसव्वा, जोडून दाखव."

तुटलेला धागा चिमटीत धरून क्षणात गाठ मारणे, हेच तिचे काम. तिने चारदा प्रयत्न केला. अंगठ्याचे टोक काडीसारखे ताठ राहिले आणि धागा दर वेळी निसटला.

"हात हाय की, डाक्टरीणबाई," ती म्हणाली. "पन गाठ बसंना."

मी जखम तपासली होती, काम विचारले नव्हते. सांधा किती वाकतो ते मोजून मी दुसरा दाखला लिहिला आणि पहिला फाडायला घेतला. वामनरावांनी हात पुढे केला. "फाडू नका. दोन्ही न्यायाधीशांपुढे ठेवू." त्याने त्यांची बाजू दुबळी होईल असे मी म्हटले. "होईल थोडी. पण लपवलेला कागद सापडला, तर हिची भरपाईही गेली आणि तुमचा शब्दही गेला." माझ्या शब्दाची काळजी त्यांनी करावी असे मी तोवर काही केले नव्हते.

सुनावणीत गिरणीच्या वकिलांनी मला विचारले, "बाई, यातला खोटा दाखला कोणता?"

"खोटा कोणताही नाही. पहिल्याचे शेवटचे वाक्य मी न पाहता लिहिले."

मग वामनरावांनी तेच रीळ त्या वकिलांपुढे सरकवले. "रावसाहेब, आपले दोन्ही अंगठे धड आहेत. मारा गाठ."

"मला कशी येणार? मी काय साळी आहे?"

"आपलं पोट गाठीवर नाही, म्हणून चालतं. हिचं आहे."

न्यायाधीशांना हसू आले. नंतर त्यांनी नरसव्वाला गाठ मारायला सांगितले, आणि ती निसटताना त्यांनी स्वतः पाहिली. अंगठा जागेवर असला तरी हाताचे काम कायमचे गेले, असा निर्णय देऊन त्यांनी भरपाई मंजूर केली. नरसव्वा आता भवानी पेठेत शेंगांची चटणी कुटून विकते. मुसळाला गाठ मारावी लागत नाही.

पुढे कळले की वामनरावांची ही नेहमीचीच रीत आहे. अपघात झालेला मनुष्य आला की ते आधी त्याच्या कामाची वस्तू आणवतात, काम करून दाखवायला सांगतात आणि मगच कायद्याचे पुस्तक उघडतात. मागाचे धोटे, रिळे, लोखंडी आकडे यांनी त्यांची बैठक भरली आहे. "आमच्याकडे पाहुण्याला बसायला जागा नाही, पण गिरणी घालायला सामान आहे," असे त्यांच्या पत्नी राधाबाई म्हणतात. असे पुष्कळ दावे ते हरलेही आहेत. हरलेल्या माणसाला ते स्वतः घरापर्यंत पोहोचवतात, हे मी दोनदा पाहिले आहे. माझ्या त्या दाखल्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मी मात्र तेव्हापासून प्रत्येकीला आधी काम विचारते.

या लेखाविषयी सांगितले तेव्हा नरसव्वाने चटणीचा पुडा दिला आणि निरोपही. "वकीलसायबांला म्हनावं, लई वर्सं ऱ्हावा. आन येळंवर जेवत जावा की." दोन्ही त्यांना पोहोचवले आहे.

गेल्या आठवड्यात राधाबाईंच्या आग्रहावरून मी वामनरावांची प्रकृती तपासली. नाडी, छाती, दृष्टी उत्तम; जेवणाची वेळ असमाधानकारक. नरसव्वाच्या दाखल्यानंतर ते शेवटचे वाक्य मी काम पाहिल्याशिवाय कधी लिहिलेले नाही. वामनरावांचे काम मी पाहिले आहे. म्हणून पूर्ण विचारांती लिहिते: कामावर जाण्यास हरकत नाही. दाखल्याची मुदत शंभराव्या वर्षापर्यंत धरावी. पुढचा तेव्हा तपासून देईन.