कोर्टाला कधी घाई असते काय?

अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावातल्या मराठी माणसाला आलेला कुठलाही ईमेल माझ्या मित्राच्या वडिलांनी पास केल्याशिवाय खरा ठरत नाही, असं आम्ही सगळे मानतो. काकांनी नागपूरच्या पोस्टात तीस वर्षं पत्रं वेगळी केली. आता मुलाच्या घरी बसून ते आमचे मेल वेगळे करतात, खरे एकीकडे आणि बोगस दुसरीकडे. दुसऱ्या ढिगात सहसा सगळेच जातात.

अमेरिकेत एखाद्या कंपनीनं हजारो गिऱ्हाइकांना फसवलं, की सगळ्यांच्या वतीनं एकच दावा लागतो. तो मिटला की ‘भरपाईत तुमचाही वाटा आहे’ असे मेल येतात. काही खरे असतात, बरेच चोरांचे. काका आधी मजकूर वाचतच नाहीत. “मजकूर गोड राहणारच. पत्ता पाहा!” म्हणत ते चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावतात आणि बुटात विंचू सापडल्यासारखे ओरडतात, “हा एल नाही, एकचा आकडा आहे!” मेलमध्ये ‘त्वरा करा’ दिसलं, की निकाल तिथेच. “कोर्टाला कधी घाई असते काय? आमच्या शेताच्या धुऱ्याचा दावा आजोबांनी लावला, अजून तारखाच चालू आहेत!”

एकदा बर्फामुळे शाळा बंद असल्याचा मेल आला. काकांनी तो बोगस ठरवला आणि गुडघाभर बर्फातून नातीला शाळेपर्यंत चालवत नेलं. “आजोबा, इट वॉज रिअल!” कुलूप बघून ती म्हणाली. काका शांतपणे म्हणाले, “आता खात्री झाली.”

गेल्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली. व्हिसाचे दिवस संपत आले होते आणि नेमका भरपाईचा मेल आला. रक्कम चांगली होती. त्यातल्या फॉर्ममध्ये बँक खात्याचा नंबर भरून झाल्यावर, निव्वळ सवयीनं, मी काकांना फोन केला. ते मुलाचं ढगळ जॅकेट घालून चालत आले.

“आधी फी मागून राहिले. बंद कर.”

मी भडकलो. “काका, तुम्हाला सगळंच बोगस वाटतं! मला गरज आहे हो.”

काका खुर्चीत बसले.

“मलाही होती. पहिल्यांदा मी एकटाच इकडे आलो होतो. तिकडे तुझी काकू आजारी पडली. पोराकडे तिकिटाचे पैसे मागायचे नव्हते, म्हणून असाच एक फॉर्म भरला. खातं रिकामं झालं. त्या लाजेनं चार दिवस तिकिटाचा विषयच काढला नाही. मी पोचलो, तेव्हा ती नव्हती.”

मी लॅपटॉप मिटला. चहा केला.

निघताना काका दारात थांबले, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

“पोराला सांगू नको बरं,” ते म्हणाले. “त्याला वाटते, त्याचा बाप कधी फसत नाही.”