सिंधू सिस्टरची किल्ली

आमच्या पुंडलिकनगरात आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. त्या दिवशी कुणाची टाकी भरून वाहिली, की सिंधू सिस्टर गच्चीवरून त्याचं नाव घेऊन ओरडायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलं नाही, शेजारच्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. मी भरल्या घरातली. तासभर घरात कुणी नसलं तरी टीव्ही लावून ठेवते. एकदा न राहवून विचारलं, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"जन्मभर वार्डात माणसंच माणसं बघितली बाई. आता माझा चहा, माझा रेडिओ. लई बरं वाटतंय." आणि घराची एक किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही घे. रोज डोकवायला नाय. लागलीच तर."

मागच्या उन्हाळ्यात, पाण्याच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर गल्लीतून पाणी वाहत होतं. सिस्टरच्या टाकीचं. हाका मारल्या, कडी वाजवली, मग धावत जाऊन घरातून किल्ली आणली. किल्ली लॅचमध्ये घातली, पण लगेच फिरवली नाही. आत काय दिसेल ते सगळं मी दाराबाहेरच पाहून घेतलं होतं.

त्या न्हाणीघरात पडल्या होत्या, शुद्धीत होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "आधी नळ बंद कर. किती पाणी चाललंय." मग माझं मनगट धरलं. "भाच्याला कळवू नको. तो मला इथं राहू द्यायचा नाय."

मी कळवलं. खरं सांगायचं तर त्यांच्या मोडलेल्या खुब्यापेक्षा मला त्या किल्लीचीच धास्ती बसली होती. ते दार पुन्हा मला उघडायचं नव्हतं. भाचा त्यांना पुण्याला घेऊन गेला.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी चाचरत विचारलं, "रागावलात का?"

"नाय. तू भ्यालीस, व्हय ना?" मग म्हणाल्या, "हितं सहा माणसं हायेत. जेवायला हाक मारतात, तेवढंच. तिथं मी एकटी व्हते. पण एकटं वाटाया लागलं ते हितं आल्यावर. किल्ली हाय ना तुझ्याकडं?"

"आहे."

"मग शुक्रवारचं पाणी भरून ठेव. काठी टेकत का व्हईना, येतेय मी."

शुक्रवारी टाकी भरेपर्यंत मी त्यांच्या नळापाशी उभी होते. भीती गेलेली नाही. किल्ली आता उशाशी ठेवते.